स्कॅनमध्ये काही दिसले नाही, पण साखर ३८ होती

प्रश्न : माझे पती ४६ वर्षांचे आहेत. गेली दोन वर्षे पहाटे त्यांना जागे करणे अवघड जाते. जागे झाले तरी ते असंबद्ध बोलतात, अंगावरचे कपडे घामाने भिजलेले असतात आणि काहीतरी खायला दिले की अर्ध्या तासात ते पूर्ववत होतात. झाल्या प्रकारातले त्यांना नंतर काहीच आठवत नाही. अपस्मार म्हणून वर्षभर गोळ्या चालू आहेत, पण फरक नाही. रात्री उठून खाण्याची सवय लागल्यामुळे वजन ११ किलोंनी वाढले आहे. दोन महिन्यांपूर्वी ते असेच बेशुद्ध झाले, तेव्हा रुग्णालयात रक्तातली साखर ३८ निघाली आणि शिरेतून ग्लुकोज देताच ते उठून बसले. स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणारी गाठ असावी, असे एका डॉक्टरांनी सांगितले. पण सीटी स्कॅनमध्ये काहीच दिसले नाही. आता एक जण म्हणतात की गाठ नाहीच, आणि दुसरे म्हणतात की पोट उघडून पाहू. ७२ तास उपाशी ठेवून करायच्या चाचणीचेही बोलणे झाले. पण ज्यांना एक रात्र निभत नाही, ते तीन दिवस कसे काढणार? ही गाठ कॅन्सरची असते का? शस्त्रक्रियेनंतर त्यांना मधुमेह होईल का? घरात सासूबाईंना मधुमेह आहे आणि मोठ्या दिरांना वारंवार मूतखडे होतात; त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात आजाराचे वर्णन इतके नेमके आहे की निदानाचे अर्धे काम तुम्हीच केले आहे. दोन वर्षे रोज पहाटे आपल्या माणसाला या अवस्थेत पाहणे आणि वर परस्परविरोधी सल्ले ऐकणे किती थकवणारे असते, याची मला कल्पना आहे. तुम्हाला मिळालेल्या दोन मतांपैकी पहिले मत मला मान्य नाही आणि दुसरे मत घाईचे वाटते. ही गाठ आहे की नाही हे रक्त ठरवते. ती कुठे आहे हे स्कॅन सांगतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळण्याआधीच दुसऱ्याच्या मागे लागल्यामुळे तुमचा गोंधळ झाला आहे.

आपण रात्री जेवून झोपतो आणि सकाळपर्यंत काही खात नाही, तरीही साखर उतरत नाही, कारण साखर खाली येऊ लागली की स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडणे जवळजवळ थांबवतात. मग यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडते, चरबीचे विघटन सुरू होते आणि त्यातून तयार होणारी कीटोन द्रव्ये मेंदूला पर्यायी इंधन म्हणून मिळतात. इन्सुलिनोमा म्हणजे अशाच पेशींची गाठ. पण तिला हा थांबण्याचा संकेत कळत नाही. साखर ६० झाली, ५० झाली तरी ती इन्सुलिन सोडतच राहते, त्यामुळे यकृताचा साठा उघडत नाही आणि कीटोनही तयार होत नाहीत. त्रास पहाटेच का होतो, याचे उत्तर यात आहे : दिवसातला सर्वांत लांब उपास तेव्हाच संपत आलेला असतो. घाम, थरथर आणि धडधड या शरीराने दिलेल्या धोक्याच्या सूचना होत. परंतु साखर वारंवार उतरत राहिली की त्या सूचना बोथट होतात आणि माणूस एकदम भ्रमिष्टासारखा वागू लागतो. म्हणूनच अशा रुग्णांना अपस्मार, मानसिक आजार, क्वचित दारूचे व्यसन अशी लेबले लागतात आणि योग्य निदान होईपर्यंत वर्ष-दोन वर्षे सहज निघून जातात. यात तुमच्या आधीच्या डॉक्टरांवर ठपका ठेवण्यासारखे फारसे काही नाही. हा आजार दर वर्षी दहा लाख लोकांमागे एक ते चार जणांनाच होतो आणि कित्येक डॉक्टरांच्या उभ्या कारकिर्दीत असा एकही रुग्ण येत नाही.

१९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, १९२४ मध्ये, सील हॅरिस या अमेरिकी डॉक्टरांनी असे सुचवले की मधुमेह नसलेल्या काही माणसांच्या शरीरातही इन्सुलिन अतिरिक्त प्रमाणात तयार होत असावे. १९२९ मध्ये टोरांटोतच रॉस्को ग्रॅहम यांनी अशी गाठ काढून रुग्णाला बरे केले. या यशानंतर अशक्तपणा, चक्कर, घाम अशा मोघम तक्रारींवरूनही पोटे उघडली जाऊ लागली आणि पुष्कळांच्या पोटात काहीच सापडेना. तेव्हा न्यूयॉर्कचे शल्यविशारद ॲलन व्हिपल यांनी १९३० च्या दशकात तीन अटी घातल्या : साखर उतरल्याची लक्षणे हवीत, त्याच वेळी घेतलेल्या रक्तात साखर खरोखरच कमी हवी आणि साखर दिल्यावर लक्षणे जायला हवीत. आज प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी हे ‘व्हिपलचे त्रिक’ पाठ करतो. पण ते शस्त्रक्रियेला उतावीळ झालेला हात आवरण्यासाठी रचले गेले होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. तुमच्या यजमानांच्या बाबतीत त्या दिवशी रुग्णालयात तिन्ही अटी पूर्ण झालेल्या दिसतात. तेव्हा ‘गाठ नाहीच’ असे म्हणून हा विषय बंद करता येणार नाही. साखर ३८ होण्यामागे काहीतरी कारण आहे आणि ते शोधलेच पाहिजे.

मात्र त्रिक पूर्ण झाले म्हणजे गाठ सिद्ध झाली, असेही नाही. साखर उतरण्याची इतर कारणे आहेत आणि त्यांपैकी एक तुमच्या घरातच असू शकते. सासूबाई मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या घेतात, ते पाहा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही सल्फोनिलयुरिया गटातली औषधे स्वतःच्याच बीटा पेशींकडून इन्सुलिन सोडवतात, त्यामुळे रक्ताच्या तपासणीत त्यांचे चित्र हुबेहूब इन्सुलिनोमासारखे उमटते. एकाच कप्प्यात ठेवलेल्या दोघांच्या गोळ्यांची अदलाबदल होणे किंवा औषध देताना दुकानात चूक होणे, असे प्रकार प्रत्यक्षात घडलेले आहेत. मी कुणावर संशय घेत नाही, सासूबाईंवर तर मुळीच नाही. परंतु ज्या वेळी साखर कमी सापडेल त्याच वेळच्या रक्तात या औषधांचा अंश आहे का, हे तपासल्याशिवाय कोणीही शस्त्रक्रियेचा विचार करू नये. शरीर स्वतःच्या इन्सुलिनविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते, असाही एक आजार आहे. जपानी डॉक्टर हिराता यांनी तो १९७० मध्ये प्रथम वर्णिला आणि अल्फा लिपोइक ॲसिड असलेल्या पूरक गोळ्यांनीही तो उद्भवू शकतो. त्यामुळे इन्सुलिनविरोधी प्रतिद्रव्यांची तपासणीही यादीत हवीच. अधिवृक्क (ॲड्रीनल) ग्रंथीची कमतरता, यकृताचे गंभीर आजार आणि जठरावर पूर्वी झालेली वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया ही कारणे तुमचे डॉक्टर चार प्रश्नांत आणि एक-दोन तपासण्यांत बाजूला काढू शकतील.

आता ७२ तासांच्या उपासाविषयी. तुमची भीती रास्त आहे, पण ती घरच्या उपासाबद्दल खरी आहे. ही चाचणी रुग्णालयात, शिरेत सुई आधीच लावून, ग्लुकोज उशाशी भरून ठेवून आणि अनुभवी परिचारिकांच्या नजरेखाली केली जाते. घरी ती करून पाहण्याचा विचारही करू नका. रुग्णाला पाणी आणि उष्मांक नसलेली पेये घेता येतात, जागेपणी त्याने हिंडते-फिरते राहायचे असते आणि साधारण दर सहा तासांनी रक्त घेतले जाते. साखर ६० च्या खाली गेली की हे अंतर एक-दोन तासांवर आणतात. शिवाय ७२ तास ही कमाल मर्यादा आहे. इन्सुलिनोमा असलेल्या दर तीन रुग्णांपैकी साधारण दोघांची चाचणी पहिल्या २४ तासांतच संपते आणि ४८ तासांत नव्वद टक्क्यांहून अधिक जणांची. तुमच्या यजमानांना एक रात्रही निभत नसेल, तर त्यांची चाचणी पहिल्या रात्रीच संपण्याची शक्यता मोठी आहे. ज्याची तुम्हाला धास्ती वाटते, तीच गोष्ट इथे चाचणी सोपी करते.

मी पाहिलेल्या एका चाचणीत परिचारिका प्रत्येक वेळी रक्त घेताना रुग्णाला कागदावर सही करायला आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगत होती. पहिल्या संध्याकाळी सही ठसठशीत होती आणि वजाबाकी झरझर चालली होती. उत्तररात्री तोच माणूस ९३ वर येऊन थांबला, आपल्याकडे पाहून उगाचच हसला आणि सहीतली अक्षरे रेघ सोडून खाली घसरली. आडनाव तर लिहायचेच राहून गेले. त्या क्षणी नळ्या भरल्या गेल्या, लगेच ग्लुकोज दिले गेले आणि दहा मिनिटांनी त्याने ‘सही झाली का माझी?’ असे विचारले. तो कागद अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. अहवालातल्या आकड्यांइतकाच तोही पुरावा होता, कारण साखर कमी असणे आणि त्याच वेळी मेंदूचे काम अडखळणे या दोन्ही गोष्टी त्यावर एकत्र उमटल्या होत्या.

त्या क्षणीच्या रक्तात पुढील गोष्टी पाहतात. साखर ५५ मिलिग्रॅमच्या खाली असताना इन्सुलिन ३ मायक्रोयुनिट किंवा अधिक, सी-पेप्टाइड ०.६ नॅनोग्रॅम किंवा अधिक आणि प्रोइन्सुलिन, म्हणजे इन्सुलिनचे पूर्वरूप, लिटरमागे ५ पिकोमोल किंवा अधिक असेल, तर इन्सुलिन थांबायला हवे होते तेव्हा ते थांबलेले नाही, असा अर्थ होतो. वाचकांची अनेकदा फसगत होते ती इथेच : अहवालात इन्सुलिनच्या आकड्यापुढे ‘सामान्य’ असे छापलेले असू शकते. साखर ९० असताना जे इन्सुलिन सामान्य असते, तेच साखर ४० असताना मुळीच सामान्य नसते. म्हणून हे आकडे कधीही सुटे वाचू नयेत. सी-पेप्टाइड हा इन्सुलिन घडताना सुटणारा तुकडा आहे आणि टोचून घेतलेल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. त्यामुळे इन्सुलिन आतले की बाहेरचे, हे त्यावरून कळते. बीटा हायड्रॉक्सीब्युटिरेट हे कीटोन द्रव्य २.७ मिलिमोल किंवा त्याहून कमी राहणे आणि चाचणीच्या शेवटी शिरेतून १ मिलिग्रॅम ग्लुकागॉन (साखर वाढवणारे संप्रेरक) दिल्यावर साखर किमान २५ ने वाढणे, या दोन्ही खुणा इन्सुलिनच्या जादा प्रभावाकडे बोट दाखवतात.

प्रयोगशाळेच्या बाबतीत दोन-तीन बारकावे लक्षात ठेवा, कारण निदान बऱ्याचदा इथेच निसटते. बोटाला टोचून पाहायचा ग्लुकोमीटर आणि दंडावर लावायचा सेन्सर हे दोन्ही कमी साखरेच्या पट्ट्यात पुरेसे अचूक नसतात. पुरावा म्हणून शिरेतल्या रक्ताची प्रयोगशाळेतली तपासणीच चालते. रक्त नळीत तसेच पडून राहिले, तर त्यातल्या पेशी साखर खात राहतात आणि साखर खोटीच कमी दिसते. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील, तर त्या काही दिवस आधी बंद कराव्यात आणि डॉक्टरांना तसे सांगावे, कारण काही यंत्रांवर त्यामुळे इन्सुलिनचे आकडे चुकतात. त्या दिवशी ३८ निघाली तेव्हा त्याच रक्तात इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड पाहिले होते का, हे जुन्या कागदांत शोधा. बहुधा पाहिले नसेल. आणीबाणीत आधी ग्लुकोज देणे योग्यच असते आणि त्या धावपळीत ही संधी हातची जाते. पुन्हा तशी वेळ आली, तर उपचार एक क्षणही न लांबवता ग्लुकोजच्या आधी एक जादा नळी रक्त काढून ठेवता येईल का, एवढे विचारून पाहा.

रक्ताने गाठ सिद्ध केली, की मगच ती शोधायची. तुमचा सीटी स्कॅन निर्दोष आला याचे मला आश्चर्य वाटत नाही. या गाठींपैकी सुमारे ९० टक्के गाठी २ सेंटिमीटरपेक्षा लहान असतात. करंगळीच्या नखाएवढी गाठ माणसाला दोन वर्षे बेजार करू शकते. शिवाय तिच्यात रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे शिरेत औषध दिल्यानंतर अगदी थोड्या वेळापुरतीच ती भोवतालच्या स्वादुपिंडापेक्षा उजळ दिसते. पोटाचा नेहमीचा स्कॅन त्यानंतर बऱ्याच उशिरा, सत्तर सेकंदांच्या आसपास काढतात आणि तोवर दोहोंचा रंग एक झालेला असतो. म्हणून तुमचा स्कॅन पातळ छेदांचा आणि धमनी टप्प्यातला, म्हणजे त्या थोड्या वेळातच काढलेला, होता का, हे विचारा. नसेल तर त्या ‘निर्दोष’ अहवालाला फारसे वजन नाही. एमआरआय काही वेळा सीटीवर न दिसलेली गाठ दाखवतो.

माझा स्वतःचा भर मात्र एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडवर असेल. तोंडावाटे जठरात आणि तिथून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात दुर्बीण नेऊन, तिच्या टोकावरच्या सोनोग्राफीने स्वादुपिंड अगदी भिंतीपलीकडून पाहता येते. अनुभवी हातात ही तपासणी बहुसंख्य गाठी पकडते, फक्त शेपटाकडच्या टोकाशी ती थोडी कमी पडते. गाठ स्वादुपिंडाच्या मुख्य नलिकेपासून किती दूर आहे, हेही त्यात दिसते आणि शस्त्रक्रियेचा प्रकार ठरवायला नेमके हेच माप लागते. एवढ्यानेही सापडली नाही, तर गॅलियम ६८ लावलेल्या एक्झेंडिनचा पेट स्कॅन करतात. या गाठींच्या पेशींवर जीएलपी-१ नावाची ग्राहके (रिसेप्टर, म्हणजे विशिष्ट द्रव्य जिथे चिकटते त्या जागा) दाटीने असतात आणि एक्झेंडिन त्यांना जाऊन चिकटते. ही सोय मोजक्याच केंद्रांत असते. अधिक सहज मिळणारा डोटाटेट पेट स्कॅन वेगळी ग्राहके शोधतो; साध्या इन्सुलिनोमावर ती कित्येकदा विरळ असतात, म्हणून तो निर्दोष आला तरी हुरळून जाऊ नये आणि निराशही होऊ नये.

यांशिवाय एक जुनी, पण फार बुद्धिमान तपासणी आहे. जांघेतून बारीक नळी घालून स्वादुपिंडाच्या वेगवेगळ्या भागांना रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत एकेक करून कॅल्शियम सोडतात आणि यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरेतल्या रक्तात इन्सुलिन मोजतात. निरोगी बीटा पेशी कॅल्शियमला विशेष दाद देत नाहीत, गाठ मात्र मिनिटाच्या आत इन्सुलिन ओतते. ज्या धमनीत कॅल्शियम सोडल्यावर इन्सुलिन दुपटीने किंवा अधिक वाढेल, त्या धमनीच्या प्रदेशात गाठ आहे. गाठीचे चित्र न मिळताही तिचा पत्ता असा मिळू शकतो.

‘पोट उघडून पाहू’ म्हणणाऱ्या शल्यविशारदांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही, हेही मला सांगितले पाहिजे. शस्त्रक्रियेच्या वेळी स्वादुपिंड मोकळे करून बोटांनी चाचपणे आणि थेट त्याच्यावर सोनोग्राफी यंत्र ठेवून पाहणे, या जोडीला जवळजवळ प्रत्येक गाठ सापडते. स्वादुपिंड मऊ, कणीदार लागते आणि त्यात ही गाठ किंचित घट्ट, लालसर तपकिरी. सरावलेल्या बोटाला ती पृष्ठभागापासून आत असली तरी जाणवते. पण उघडल्यावर सापडली नाही तर काय करणार, हा प्रश्न त्यांना आजच विचारा. गाठ सापडत नाही म्हणून अंदाजाने स्वादुपिंडाचा शेपटाकडचा भाग कापून टाकण्याची पद्धत एके काळी होती. या गाठी डोके, मधला भाग आणि शेपूट यांत जवळपास सारख्याच प्रमाणात आढळतात, तेव्हा असे आंधळे कापणे म्हणजे रुग्णाचे निरोगी स्वादुपिंड घालवून गाठ मात्र आत ठेवण्याचा मोठा धोका पत्करणे होय. त्याला संमती देऊ नका. शिवाय जागा आधी कळली, तर बहुतेकदा दुर्बिणीतून, छोट्या छेदांनी काम होते. एरवी नुसत्या शोधासाठी मोठा छेद घ्यावा लागू शकतो.

शस्त्रक्रिया कोणती, हे गाठीच्या जागेवर ठरते. गाठ लहान, एकच आणि मुख्य नलिकेपासून किमान दोन-तीन मिलिमीटर दूर असेल, तर ती भोवतालच्या उतीपासून सोडवून एकटीच बाहेर काढतात आणि स्वादुपिंड जवळजवळ अखंड राहते. शेपटात खोल किंवा नलिकेला लागून असेल तर तेवढा भाग काढावा लागतो आणि अशा वेळी प्लीहा शक्यतो वाचवतात. प्लीहाही काढावी लागण्याची शक्यता असेल, तर न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब या जिवाणूंविरुद्धच्या लसी किमान दोन आठवडे आधी घ्याव्या लागतात, हे आताच विचारून ठेवा. डोक्याच्या भागात नलिकेला अगदी चिकटून असलेल्या गाठीसाठी क्वचित मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. तीही त्याच व्हिपल यांच्या नावाने ओळखली जाते. साध्या, लहान गाठीसाठी कोणी ती एकदम सुचवली, तर दुसरे मत जरूर घ्या.

सर्वांत त्रासदायक गुंतागुंत म्हणजे स्वादुरसाची गळती. निरोगी, मऊ स्वादुपिंडावर टाका नीट धरत नाही आणि गाठ सोडवून काढली की तिथल्या बारीक नलिका उघड्या पडतात. त्यामुळे ‘लहान’ वाटणाऱ्या शस्त्रक्रियेतही गळती बऱ्याच जणांना होते. पोटात ठेवलेल्या निचरा नळीतल्या द्रवाचे अमायलेज (स्वादुरसातले पाचक द्रव्य) तिसऱ्या दिवशी तपासतात. ते रक्तातल्या सामान्य मर्यादेच्या तिपटीहून अधिक असेल, तर नळी काढत नाहीत. बहुतेक गळत्या पुन्हा शस्त्रक्रिया न करता आपोआप बंद होतात, पण काहींना त्यासाठी कित्येक आठवडे लागतात आणि नळी घेऊन घरी जावे लागते. ताप, वाढती पोटदुखी किंवा नळीतून रक्त येणे या गोष्टी मात्र तासभरही अंगावर काढू नयेत. स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया नियमित करणारा चमू निवडा, असा आग्रह मी याच कारणासाठी धरतो.

कॅन्सरविषयी : सुमारे ९० टक्के इन्सुलिनोमा एकाच ठिकाणी राहणारे असतात आणि निघाले की रुग्ण बरा होतो. उरलेल्या थोड्या गाठी यकृतात किंवा लसिका ग्रंथींत पसरतात, आणि मोठ्या गाठींबाबत ही शंका अधिक असते. तुमच्या पतींच्या सीटीत यकृत स्वच्छ असेल आणि गाठ दिसण्याइतकीही मोठी नसेल, तर ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे. काढलेल्या गाठीचा की-६७ निर्देशांक, म्हणजे तिच्या पेशी किती वेगाने वाढतात हे दाखवणारा आकडा, ३ टक्क्यांपेक्षा कमी असणे, ही सर्वांत सौम्य श्रेणी. मेयो क्लिनिकने १९२७ ते १९८६ या काळातल्या २२४ रुग्णांचा मागोवा घेतला होता. त्यात आनुवंशिक आजार नसलेल्यांपैकी २० वर्षांत ७ टक्क्यांना पुन्हा गाठ आली, तर आनुवंशिक आजार असलेल्यांपैकी २१ टक्क्यांना.

हा आनुवंशिक आजार म्हणजे एमईएन-१, आणि तुमच्या दिरांच्या मूतखड्यांचा प्रश्न इथेच येतो. मूतखडे अनेकांना होतात आणि बहुतेक वेळा त्याचा याच्याशी काही संबंध नसतो. परंतु एमईएन-१ मध्ये गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी वाढतात, रक्तात कॅल्शियम चढते आणि त्यातून खडे होतात. त्याच कुटुंबात स्वादुपिंडाच्या आणि पिट्युटरीच्या गाठी आढळतात. म्हणून दोघा भावांचे कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासा आणि यजमानांचे प्रोलॅक्टिन हे पिट्युटरीचे हार्मोनही पाहा. हे शस्त्रक्रियेच्या आधीच व्हायला हवे, कारण या आजारात गाठी अनेक असतात आणि शस्त्रक्रियेचा आराखडाच बदलतो. सासूबाईंच्या मधुमेहाचा मात्र गोळ्यांच्या डब्यापलीकडे याच्याशी संबंध नाही.

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस साखर उलट वाढते. ते पाहून घाबरू नका. गाठीच्या इन्सुलिनमुळे उरलेल्या बीटा पेशी इतके दिवस निद्रिस्त होत्या, त्यांना कामावर यायला थोडा वेळ लागतो. गाठ एकटीच काढली तर कायमचा मधुमेह होण्याची भीती नगण्य आहे. मोठा भाग काढला तर ती वाढते आणि वाढलेले वजन व आईकडचा मधुमेह लक्षात घेता तुमच्या यजमानांनी पुढे दर वर्षी साखर तपासावी. रात्रीचे खाणे थांबले की वजन बहुधा उतरू लागेल.

तोवर डायझॉक्साइड या औषधाने इन्सुलिन आवरता येते. त्याने अंगावर सूज येऊ शकते आणि लव वाढते. उपासाच्या चाचणीपूर्वी आणि शस्त्रक्रियेपूर्वी ते डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे बंद करावे लागते. ऑक्ट्रिओटाइडचे इंजेक्शन काहींना लागू पडते, पण काहींची साखर त्याने आणखी उतरते, म्हणून पहिला डोस रुग्णालयातच घ्यावा. भूल सोसवणार नाही अशांसाठी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडमधून सुई घालून गाठ उष्णतेने जाळण्याची पद्धत अलीकडे वापरात आली आहे. ४६ वर्षांच्या, एरवी धडधाकट माणसाला मी अजूनही शस्त्रक्रियाच सुचवेन.

निदान पक्के होऊन उपचार होईपर्यंत रात्रीचे खाणे बंद करू नका, वजनाची काळजी नंतर करता येईल. त्यांच्या उशाशी ग्लुकोजची पूड आणि पाणी ठेवा, पहाटे तीनच्या सुमारास गजर लावून त्यांना काही खायला द्या. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. डॉक्टरांनी ग्लुकागॉनचे इंजेक्शन दिले असेल तर ते टोचा. पण त्याने गाठीलाही चेतना मिळते आणि थोड्या वेळाने साखर पुन्हा कोसळू शकते, म्हणून शुद्ध येताच खायला द्या आणि रुग्णालय गाठा. वाहन चालवणे, उंचावर चढणे आणि एकट्याने पोहणे त्यांनी आजपासून थांबवावे. अपस्माराच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका, कारण त्या अचानक सोडल्यानेही फिट येऊ शकते. मेंदूविकारतज्ज्ञांना तो ३८ चा अहवाल दाखवा आणि त्या कधी व कशा कमी करायच्या, हे त्यांना ठरवू द्या.